कानाची साक्ष

स्वतःच्या हाताने ॲम्प्लिफायर जोडलेल्या माणसाला पहिल्याच रात्री विचारून पाहावे, आवाज कसा आहे? उत्तर ठरलेले असते. आवाज मोकळा झाला, बेस घट्ट झाला, तबला आता समोर बसल्यासारखा वाजतो, आधीचा सेट म्हणजे नुसता डबा होता. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला 4440 आयसीचा स्वस्त बोर्ड असो की परदेशातून मागवलेले महागडे कीट, वाक्ये तीच. बोलणारा खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच तसे ऐकू येत असते. प्रश्न पुढचा आहे. जे ऐकू आले ते तसेच आहे, हे कशावरून? कानाला झालेले ज्ञान आपली हमी स्वतःच घेऊन येते, की हमी बाहेरून आणावी लागते?

हौशी मंडळींना हा प्रश्न त्यांच्या छंदाइतकाच नवा वाटतो. प्रत्यक्षात तो भारतीय दर्शनांतल्या सर्वांत लांबलेल्या भांडणांपैकी एक आहे. ज्ञान मुळातच प्रमाण असते, ते खोटे ठरवायचे असेल तर पुरावा विरोधकाने आणावा, असे मीमांसक म्हणतात. नैयायिकांचे म्हणणे उलट. ज्ञान झाले एवढ्यावर ते खरे ठरत नाही, खरेपणा बाहेरून तपासून घ्यावा लागतो. पहिला पक्ष स्वतःप्रामाण्यवादी, दुसरा परतःप्रामाण्यवादी. ज्याला या वादाचा पसारा पाहायचा असेल त्याने भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश उघडावा. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1928 साली काढली. ॲम्प्लिफायरचा त्यात अर्थातच पत्ता नाही, पण ॲम्प्लिफायरवाल्यांची सगळी भांडणे आहेत.

उदाहरणासाठी एकच कीट घेऊ, पण ते नावाजलेले. 1947 साली डी. टी. एन. विल्यमसन या ब्रिटिश अभियंत्याने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एका व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची रचना छापली: 15 वॉट, आणि विकृती 0.1 टक्क्याच्या आसपास. युद्ध नुकतेच संपले होते, सुटे भाग स्वस्त होते आणि रेडिओ दुरुस्ती शिकून आलेले जवान घरोघरी होते. जगभरच्या हौशी लोकांनी ती रचना उतरवून घेतली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हॅफ्लरने तिच्यात सुधारणा केल्या, पुढे डायनाको नावाची कंपनी काढली आणि 1959 साली ‘स्टीरिओ 70’ बाजारात आणला. दोन चॅनेल, प्रत्येकी 35 वॉट, कीटची किंमत 99.95 डॉलर. छापील सर्किट बोर्डावरचे भाग कारखान्यातच सोल्डर केलेले येत. ट्रान्सफॉर्मर बसवणे, तारा जोडणे, व्हॉल्व्ह खोचणे, एवढे गिऱ्हाइकाच्या वाट्याला. 1977 पर्यंत असे साडेतीन लाखांहून जास्त सेट विकले गेले. त्यांतले कित्येक स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ज्यांनी आधी कधी सोल्डरिंगची गन हातात धरली नव्हती अशा लोकांनी जोडले होते.

हा माणूस जोडकामाला बसतो तेव्हा नकळत न्यायदर्शनाची चारही प्रमाणे वापरतो. पहिले शब्दप्रमाण, म्हणजे पुस्तिका. त्या काळी मिशिगनच्या बेंटन हार्बर गावातली हीथकिट कंपनी या बाबतीत सर्वांत पुढे होती. तिच्या पुस्तिकेत प्रत्येक कृतीसमोर खूण करायला रिकामी जागा असे. लाल तार या टोकाला लावा, खूण करा. सोल्डर करा, खूण करा. का लावायची ते सांगितलेले नसे आणि वाचणारा विचारतही नसे. आंधळा विश्वासच हा, पण नैयायिकांच्या व्याख्येत बसणारा. आप्त म्हणजे जो वस्तू जशी आहे तशी जाणतो आणि जशी जाणली तशी सांगू इच्छितो. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात पुढे हेही नोंदवून ठेवले आहे की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू पडते. बेंटन हार्बरच्या अभियंत्याची सोय इतक्या आधी होऊन बसली होती!

दुसरे उपमान. शास्त्रातले उदाहरण गवयाचे आहे. गवय गाईसारखा असतो असे ऐकलेला गावकरी रानात जातो, तसा प्राणी पाहतो आणि ओळखतो की गवय तो हाच. कीटची पिशवी टेबलावर ओतली की नवशिक्याचे तेच होते. पुस्तिका सांगते, पिवळा, जांभळा, लाल पट्टा असेल तो 4700 ओहमचा रेझिस्टर. तो ढिगात बोटे घालतो, एक उचलतो, दिव्याखाली तिरका धरतो. लाल की तपकिरी? तपकिरी असेल तर तो 470 ओहमचा, आणि चुकून लागला तर पुढचे सगळे गणित बिघडले.

तिसरे अनुमान, आणि खरी मजा तिथे आहे. सेट जोडून झाला, चालू केला आणि स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येऊ लागला. धूर दिसला म्हणजे डोंगरावर आग, इतके हे सरळ नसते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. घुमणे 50 हर्ट्झचे असेल तर अर्थिंगच्या तारांची कुठेतरी साखळी झाली आहे किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र एखाद्या तारेत शिरते आहे. 100 हर्ट्झचे, म्हणजे एका सप्तकाने वरचे असेल, तर संशय पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरवर. मग व्हॉल्यूमचे बटण फिरवून पाहायचे. घुमणे त्याबरोबर कमीजास्त झाले तर दोष बटणाच्या आधीच्या भागात, तसेच राहिले तर नंतरच्या. एकेक शक्यता खोडत जाणारा हा माणूस त्या घटकेला पक्का तार्किक असतो. ड्राय सोल्डर सापडला, पुन्हा गरम करून नीट बसवला आणि घुमणे थांबले, की आपले अनुमान बरोबर होते हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. प्रवृत्ती सफल झाली. मृगजळ की पाणी याचा निकाल तहान भागण्याने लागतो, असे नैयायिक म्हणतात ते हेच.

इथवर सगळे शिस्तीत चालते. घोटाळा होतो तो चौथ्या प्रमाणापाशी, जे खरे तर पहिले मानले जाते. प्रत्यक्ष. सेट नीट वाजू लागला, माणूस खुर्चीत मागे टेकला, आवडती रेकॉर्ड लावली आणि ऐकू लागला. आतापर्यंतचा तार्किक या क्षणी रजेवर जातो.

न्यायसूत्रांचा कर्ता गौतम याने प्रत्यक्षाला ज्या अटी घातल्या त्यांतल्या दोन इथे कामाच्या आहेत. एक, ते ज्ञान नावाने रंगलेले नसावे. या अटीचा नेमका अर्थ काय यावर टीकाकारांनी पुष्कळ खल केला आहे, तरी मुख्य रोख स्पष्ट आहे. दोन, ते व्यभिचारी नसावे, म्हणजे वस्तू एक आणि ज्ञान भलतेच असे होऊ नये. जोडणारा माणूस पहिल्याच अटीत नापास होतो. समोर काय वाजते आहे हे त्याला माहीत असते. कोणता कपॅसिटर बदलला, तो केवढ्याला पडला, कोणत्या रात्री बोट भाजले, सगळे माहीत असते. आणि कानाबद्दल तर वैशेषिकांनी आधीच सावध केले आहे. त्यांच्या मते श्रोत्रेंद्रिय म्हणजे कानाच्या पोकळीतले आकाशच. आकाश सगळ्यांचे एकच, मग एकाला ऐकू येते आणि दुसऱ्याला नाही असे का? तर प्रत्येकाच्या पोकळीवर त्याच्या त्याच्या अदृष्टाचा, म्हणजे पूर्वकर्मांच्या न दिसणाऱ्या शिलकीचा, संस्कार असतो म्हणून. अदृष्ट मानायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. ऐकणाऱ्याचा पूर्वेतिहास त्याच्या कानात बसलेला असतो, एवढे मात्र मानसशास्त्रानेही दाखवून दिले आहे.

मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन ॲरिएली या तिघांचा 2012 साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध पाहावा. त्यांनी लोकांना कागदाचे बेडूक आणि बगळे करायला लावले. नवशिक्यांचे काम, तेव्हा घड्या वाकड्यातिकड्या. तरीही करणाऱ्यांनी स्वतःच्या वस्तूला सरासरी 23 सेंट मोजायची तयारी दाखवली. तिऱ्हाइताने त्याच वस्तूला 5 सेंट देऊ केले. तज्ज्ञाने केलेल्या सुबक नगाला तिऱ्हाइत 27 सेंट द्यायला तयार होते. म्हणजे स्वतःचा वाकडा बेडूक करणाऱ्याला जवळपास तज्ज्ञाच्या बेडकाइतकाच मोलाचा वाटला. त्याच निबंधातली आणखी एक गोष्ट कीटवाल्यांनी ध्यानात ठेवावी: काम अर्धवट राहिले तर हे प्रेम उपजत नाही. अर्धा जोडलेला ॲम्प्लिफायर माळ्यावर धूळ खात पडतो आणि पुरा जोडलेला जगात भारी ठरतो, यामागचे कारण सर्किटमध्ये शोधायला नको.

मीमांसक यावर गप्प बसणार नाही, आणि त्याचे म्हणणे हलकेही नाही. सातव्या शतकातला कुमारिल भट्ट विचारेल, प्रत्येक ज्ञान दुसऱ्या ज्ञानाने तपासायचे, तर ते दुसरे कशाने तपासायचे? तिसऱ्याने? मग ही रांग कुठे संपणार? अनवस्था ती हीच. स्टीरिओ 70 मध्ये तिचे प्रात्यक्षिकच पाहायला मिळते. त्यातल्या व्हॉल्व्हचा बायस लावताना ठरलेल्या जागी 1.56 व्होल्ट भरले पाहिजेत. मीटर लावला, 1.56 दाखवले, झाले. पण मीटर बरोबर आहे कशावरून? त्याला उपाय होता. टॉर्चच्या ताज्या सेलचा दाबही जवळपास तेवढाच असतो, तेव्हा मीटर आधी सेलला लावून पाहावा. आणि सेल ताजा आहे कशावरून? इथे मीमांसक मिशीला पीळ देतो.

नैयायिकाचे उत्तर साधे, पण पुरेसे आहे. शंका असेल तिथेच तपासावे. रोजच्या ओळखीच्या ठिकाणी शंका उठत नाही आणि काम सफल झाले की ती मिटते. सेलवर टॉर्च लागतो, बायस लावलेला व्हॉल्व्ह लालभडक होत नाही, पुढे खोदायचे कारण उरत नाही. कानाच्या साक्षीबाबत मात्र शंकेला सबळ कारण आहे. साक्षीदार स्वतःच आरोपीचा बाप आहे! आणि गंमत म्हणजे कुमारिलाच्याच नियमाप्रमाणे ज्ञान दोन कारणांनी बाद होते: एक, नंतर त्याला छेद देणारे ज्ञान झाले तर. दुसरे, ज्या साधनाने ज्ञान झाले त्यातच दोष सापडला तर. कागदी बेडकांनी दोष दाखवून दिला आहेच. छेद देणारे ज्ञानही काही थोडे नाही.

इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीचे तीन ॲम्प्लिफायर घ्या. क्वाड 2 व्हॉल्व्हचा, 1950च्या दशकातला. 303 ट्रान्झिस्टरचा, 1960च्या दशकातला. 405 हा 1975 नंतरचा, अगदीच निराळ्या धाटणीचा. कंपनीचा संस्थापक पीटर वॉकर याची भूमिका होती की चांगला ॲम्प्लिफायर म्हणजे आवाज वाढवणारी नुसती तार, तिला स्वतःचे काही म्हणणे नसावे. 1978 साली या तिन्हींची नावे झाकून तुलना झाली. ऐकणाऱ्यांत हाय-फाय क्षेत्रातली जाणकार मंडळी होती. निष्कर्ष असा की कोणता केव्हा वाजतो आहे हे त्यांना अंदाजपंचेपेक्षा जास्त ओळखता आले नाही. नाव काढून घेतल्यावर व्हॉल्व्हची ऊब आणि ट्रान्झिस्टरची रुक्षता दोन्ही गायब.

1985 साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने ‘स्टीरिओफाइल’ मासिकाशी पैज लावली. तुम्ही सांगाल त्या महागड्या ॲम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त ॲम्प्लिफायरमधून काढून दाखवतो. सांता फेमधल्या एका हॉटेलच्या खोलीत तो ठाण मांडून बसला. दोन्ही सेटना एकच संगीत द्यायचे, त्यांचे आउटपुट एकमेकांतून वजा करायचे आणि उरेल ते कमी करत न्यायचे, अशी त्याची पद्धत. बाकी नगण्य उरली तेव्हा संपादकांना बसवले, आणि त्यांना दोन्हींत फरक सांगता आला नाही. वाद तिथे संपला असे समजू नये. या क्षेत्रात वाद संपत नसतात.

यावर हाय-फायवाल्यांची एक जमात म्हणते, ठरले तर मग, सगळे ॲम्प्लिफायर सारखे आणि कीट जोडणारे भोळसट. हे अनुमान फसवे आहे. चांगल्या रीतीने रचलेले, ताकदीबाहेर न ताणलेले ॲम्प्लिफायर सारखे वाजतात याचा अर्थ सगळेच सारखे वाजतात असा होत नाही. नेल्सन पास या कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याकडे पाहावे. नवशिक्यांसाठी त्याने ‘ॲम्प कॅम्प ॲम्प’ नावाचे छोटे क्लास-ए कीट रचले, चॅनेलमागे जेमतेम काही वॉटचे. त्याच्या रचनांत दुसऱ्या हार्मोनिकची विकृती अनेकदा मुद्दाम ठेवलेली असते आणि हे तो लपवत नाही. उलट, ती विकृती हवी तेवढी वाढवता-घटवता येईल असे एक लहानसे सर्किटही त्याने हौशी लोकांना देऊ केले, ज्याला जशी रुचेल तशी ठेवावी म्हणून. इथे फरक मीटरला दिसतो आणि मोठा ठेवला तर कानालाही कळतो. पास फक्त त्याला सत्य म्हणत नाही, आवड म्हणतो.

सगळ्या भांडणाची गाठ इथेच सुटते आणि ती सोडवायचे हत्यार पुन्हा न्यायदर्शनातच आहे. त्या दर्शनात सुख हा आत्म्याचा गुण मानला आहे आणि त्याचे ज्ञान मनाने होते, कानाने नव्हे. ‘मला आनंद झाला’ या ज्ञानाचा विषय ऐकणारा स्वतः आहे आणि त्या बाबतीत तो चुकत नाही. तिथे मीमांसक म्हणतो तसेच आहे, बाहेरची हमी मागणे वेडेपणा. ‘हे यंत्र त्या यंत्राहून जास्त खरा आवाज देते’ या ज्ञानाचा विषय टेबलावर आहे. तिथे हमी लागते. पहिल्या रात्री खुर्चीत बसलेल्या माणसाला होते ते पहिले ज्ञान. तो सांगतो ते दुसरे. भाजलेल्या बोटाचा, रविवारच्या रविवार खर्ची घातल्याचा आणि अखेर दिवा लागल्याचा आनंद तो बेसच्या खात्यावर जमा करतो. बेसने त्यात काही कमावलेले नसते.

मौज अशी की यंत्र स्वतः त्याच्या मालकापेक्षा जास्त नैयायिक असते. 2 ऑगस्ट 1927 रोजी बेल लॅबोरेटरीजचा हॅरॉल्ड ब्लॅक सकाळच्या बोटीने हडसन नदी ओलांडून कामावर निघाला होता. वाटेत त्याला एक कल्पना सुचली आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने ती खरडली. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटचा थोडा अंश उलटा करून इनपुटकडे परत न्यायचा, मूळ संकेताशी ताडून पाहायचा आणि चूक निघेल ती तिथल्या तिथे कापायची. निगेटिव्ह फीडबॅक तो हाच. विल्यमसनची 0.1 टक्क्याची किमया त्याच्याच जोरावर होती आणि स्टीरिओ 70 मध्येही तोच आहे. आपण काय बोललो हे बाहेरून तपासून घेतल्याशिवाय ते सर्किट पुढचे अक्षर काढत नाही.

डेव्हिड हॅफ्लरने हीच तपासणी पुढे गिऱ्हाइकाच्या हाती दिली. 1980च्या दशकात, आपल्या नंतरच्या कंपनीतून, त्याने ॲम्प्लिफायरचे आउटपुट इनपुटाइतके लहान करून त्यातून इनपुट वजा करण्याची आणि उरलेले स्पीकरवर ऐकण्याची सोय लोकांपुढे ठेवली. काही ऐकू आले तर ती यंत्राची भर. शांतता असेल तर यंत्राने स्वतःचे काही घातले नाही. लाखो लोकांना स्वतः जोडलेल्या वस्तूच्या प्रेमात पाडणाऱ्या माणसाने त्या प्रेमाला बाजूला ठेवून ऐकण्याचा मार्गही दाखवावा, ही या छंदाच्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट म्हणावी लागेल.

घरी एवढा थाट करायला नको. जुना आणि नवा असे दोन सेट, एक दोन-मार्गी स्विच आणि साधा मल्टिमीटर पुरतो. सगळ्यांत मोठा लबाड म्हणजे व्हॉल्यूम, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच ‘जास्त चांगला’ वाटतो. म्हणून 1000 हर्ट्झचा सूर लावून दोन्ही सेटच्या स्पीकर टर्मिनलवरचे व्होल्टेज जुळवावे. फरक 1 टक्क्याच्या आत हवा, म्हणजे एकीकडे 2.83 व्होल्ट असेल तर दुसरीकडे 2.86 ही शेवटची मर्यादा. मग स्विच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावा, त्याने दर वेळी नाणे उडवून सेट निवडावा, ऐकणाऱ्याची पाठ त्याच्याकडे असावी आणि दोघांनी आपापल्या कागदावर लिहीत जावे. 10 पैकी 9 किंवा 10 वेळा बरोबर आले तर फरक आहे असे मानायला हरकत नाही, कारण नुसत्या अंदाजाने तसे शंभरात साधारण एकदाच घडते. 5-6 आले तर नवा सेट तरीही दिवाणखान्यातच ठेवावा. तो उत्तम वाजतो आहे आणि स्वतः केलेला आहे. फक्त त्याच्या जोरावर शेजाऱ्याला जुना सेट विकायला लावू नये, आणि पुढच्या महागड्या कपॅसिटरचे पैसे देण्याआधी हाच कागद पुन्हा काढावा.

व्हॉल्व्हचे कीट घेणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र वादापलीकडची आहे. स्टीरिओ 70 सारख्या सेटमध्ये 400 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. तेव्हा झाकण उघडल्यावर आधी मीटर लावून तो उतरल्याची खात्री करा, मगच आत हात घाला.